सतरा नंबरची फ्रेम

प्रिय डावऱ्या,

परवा फोनवर तू ते एक वाक्य बोललास आणि मी दूध उतू जातंय असं सांगून घाईघाईने फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. आई समोर बसून वाटाणे सोलत होती. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, खोटं बोलायचं तर निदान पातेलं तरी चढवावं माणसाने. तेव्हापासून दोन दिवस तुझं ते वाक्य डोक्यात घोळतंय. त्याचं उत्तर फोनवर देता येणार नाही, कारण तिथे तुझ्या फोनभोवती अख्खी तुकडी रांग लावून उभी असते आणि इथे माझ्या फोनपाशी आई. म्हणून पत्र. एका जागी बसून वाच. जेवणाआधी नको, जेवून वाच.

आधी चांगली बातमी, म्हणजे पुढचं वाचायला बळ येईल. आपले गणिताचे सर घरी आले. नुसता जामीन नाही, त्यांच्यावरचा दगडफेकीचा आरोपच मागे घेतला. काल ऑफिस सुटल्यावर मी जाऊन आले. खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, डावा हात झोळीत अडकवलेला, आणि उजव्या हाताने शेजाऱ्यांच्या पेपरातलं शब्दकोडं शेजाऱ्यांच्या आधी सोडवत होते. वाळलेत, गालफडं बसलीत, पण तोंड शाबूत आहे. कोठडीत काय त्रास झाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं, रोज सांगितलं, एकानेही काटा पुढे केला नाही. त्यांच्या पत्नीने मागून मला खुणेने सांगितलं की झोपेत दचकतात. मग तुझी चौकशी. डावरा अजून ओळी वर चढवतो का, म्हणाले. मी म्हटलं, सर, तो आता रिपोर्ट लिहितो आणि त्याच्या साहेबांना ते मान वाकडी करून वाचावे लागतात. खूप मोठ्याने हसले, आणि मग खांदा दुखला म्हणून ओरडले.

तुला आठवतं ना, पाचवीत ते वर्गावर यायच्या आधी काय चाललं होतं? आधीचे मास्तर तुझा डावा हात तुझ्याच पट्ट्याला रुमालाने बांधायचे. तू घरी येऊन उजव्या हाताने जेवायला बसायचास आणि अर्धं जेवण मांडीवर. बाबा म्हणायचे, सवय होईल. आई काही म्हणायची नाही, फक्त मांडी पुसायची. मग सर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी तो रुमाल सोडला, घडी घालून तुझ्या खिशात ठेवला आणि तुला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं. शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही एवढीच गोष्ट आहे, म्हणाले, हातात काही दोष नाही. मी दोन वर्ग पुढे होते, मधल्या सुट्टीत तुझ्या खिडकीतून डोकावले तर तू जीभ बाहेर काढून भराभर लिहीत होतास. त्या दिवसापासून आपल्या घरीही टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची तुझी झाली. तू पोलिसात लागलास तेव्हा सरांनी विचारलेला पहिला प्रश्न काय होता? तिथे काठी डाव्या हातात धरू देतात ना? तू म्हणालास, देतात सर, तिथे कुणी हात बघत नाही. ते तुझं बोलणं माझ्या चांगलंच लक्षात राहिलं. इतकं की पुढे सगळा घोळ त्यातूनच झाला.

आपली रविवारची भांडणं तर काय, आईच्या भाषेत लोणच्याच्या जागी. मी म्हणणार, तुमचे लोक. तू म्हणणार, तुमचे पेपरवाले. तुझं ठरलेलं पालुपद, की फोटोत काठी उचलल्याचा क्षण दिसतो, त्याआधी चार तास उन्हात उभं राहून खाल्लेल्या शिव्या दिसत नाहीत. माझं ठरलेलं उत्तर, की ज्याच्या खांद्यावर ती पडते त्याला तुझ्या चार तासांचं काय कौतुक? मग मी छापण्याचं स्वातंत्र्य, लोकांचा हक्क वगैरे सुरू केलं की आई पळीने टेबल वाजवायची आणि आपण दोघं गुपचूप भात वाढून घ्यायचो. त्या सगळ्या भाषणांची मला आता लाज वाटते. भाषणं खरी होती रे. करणारी कच्ची होती.

मोर्चाचा दिवस तुला वेगळा सांगायला नको, तूही बंदोबस्तावरच होतास. मी सकाळी तुझ्या चौकीवर फोन केला तर कळलं, सगळे दवाखान्याकडे गेलेत. सरकारी दवाखाना बंद करू नका म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांचा मोर्चा, त्यात दंगा तो काय होणार, असं आमच्या संपादकांनाही वाटलं होतं. दुपारी तीनच्या सुमारास आमचा फोटोग्राफर आला. तू त्याला आमच्या पेपराच्या वाढदिवसाला भेटला आहेस, तो उंच, बारीक, मान पुढे काढून चालणारा, ज्याला आम्ही बगळा म्हणतो. मनगटाला फडकं गुंडाळलेलं. कॅमेरा काढून घेतला होता, पण पहिला रोल त्याने आधीच मोज्यात सरकवला होता. रोल माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, काय आलंय देवाला माहीत, शेवटचे फोटो धक्क्यात डोळे मिटून काढलेत. सरांना उचलून नेल्याचं त्यानेच सांगितलं. दगड मारून एका अधिकाऱ्याचं डोकं फोडलं असा आरोप. सर, आणि दगड! आयुष्यात खडूचा तुकडासुद्धा कुणाला फेकून मारला नाही त्यांनी.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, ती नीट लक्षात घे. फिल्म धुतली की ती वाळायला टांगतात. तिच्या दोन बाजू असतात, एक चकचकीत, एक मंद. चकचकीत बाजू आपल्याकडे धरली तर चित्र जसं घडलं तसं दिसतं. मंद बाजूने पाहिलं तर आरशात पाहिल्यासारखं, उजव्याचं डावं होतं. पण फिल्म ओली असताना दोन्ही बाजू सारख्याच चकाकतात. म्हणून ओली फिल्म वाचायची नाही, हे डार्करूममधलं पहिलं अक्षर. मी बावीस वर्षं तिथे काढली आणि जो नवा येईल त्याला पहिल्या दिवशी हेच घोकायला लावते. आणि त्या दिवशी मीच ओल्या फिल्मपुढे दिवा धरला. का? तर तू दिसतोस का ते बघायला. बहिणीचं काळीज, दुसरं काय. तू धड आहेस ना, एवढंच बघायचं होतं.

तू दिसलास. म्हणजे मला तसं वाटलं. समोर सर, एक हात वर करून त्यात काहीतरी धरलेलं. मी भिंग लावलं. ते त्यांचं चष्म्याचं घर होतं, झाकण अर्धवट उघडं. चष्मा फुटू नये म्हणून काढून ठेवत असणार. आणि त्यांच्यावर काठी उगारलेला एक शिपाई. तोंडावर हेल्मेटची काच, त्यामुळे चेहरा नाही. पण काठी डाव्या हातात. उंची तुझी. आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लोंबणारा, जो लावत जा म्हणून आई तुझ्यामागे सतत लागलेली असते. बाकाच्या टोकाला ज्याने तुला बसवलं त्याच माणसावर, त्याच हाताने! मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. कात्री घेतली, तेवढी एक फ्रेम ओलीच कापली, टिपकागदात दाबली आणि थर्मामीटरच्या डबीत घालून माझ्या कपाटात टाकली. बावीस वर्षांत मी कुणाचा फोटो दडवला नव्हता. पण आपलेच दात, आपलेच ओठ. त्या वेळी मला सर दिसले नाहीत, पेपर दिसला नाही, फक्त तुझी नोकरी, वहिनी आणि आई दिसली.

संध्याकाळी घरी गेले तर आई म्हणाली, त्याचा फोन आला होता, बरा आहे, आज त्याला कुठे उभं केलं होतं माहीत आहे का... मी पुढचं ऐकलंच नाही. डोकं दुखतंय म्हणून खोलीत गेले आणि दार लावलं. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचे लोक ऑफिसात आले. (बघ, पुन्हा तुमचे लोक. सवय जात नाही.) मोर्चाच्या सगळ्या फिल्म द्या म्हणाले. आमचे संपादक एरवी किती बुळे वाटतात तुला माहीत आहे, भांडण नको म्हणून कॅन्टीनमध्ये गार चहासुद्धा निमूट पिणारे. त्या दिवशी उठून दारात उभे राहिले. लेखी कागद मागितला. कागद आला, तर तो मोठ्याने वाचू लागले, प्रत्येक शब्द, प्रत्येक स्वल्पविराम, मधे अर्थ विचारत. एक तास. तेवढ्यात बातमीदारांनी आपापल्या वह्या कुठे कुठे पोचवल्या. शेवटी शिपाई आत घुसलेच आणि तीन खोकी भरून निगेटिव्ह घेऊन गेले. घाईत त्यात फुलांच्या प्रदर्शनाच्या आणि मागच्या वर्षीच्या कुत्र्यांच्या स्पर्धेच्याही गेल्या. यादी करणारा कारकून मात्र मोठा चोख. पट्टी उजेडात धरून म्हणाला, सोळानंतर अठरा कसा, सतरा कुठे? मी म्हटलं, काळी पडली, टाकून दिली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं, सतरा, खराब. बगळा माझ्या शेजारीच उभा होता. त्याला वाटलं, मी त्यांच्यापासून काहीतरी वाचवतेय.

त्यानंतरच्या अंकात पहिल्या पानावर फोटोच्या जागी आम्ही कोरी चौकट छापली. खाली एकच ओळ, की या जागेचा फोटो जप्त झाला आहे. लोकांनी ती चौकट कापून दुकानांच्या काचांना लावली. ऑफिसात सगळे छाती पुढे काढून हिंडत होते. मी त्या चौकटीकडे बघूसुद्धा शकत नव्हते, कारण त्या जागेचा खरा फोटो जप्त झालेलाच नव्हता. तो माझ्या कपाटात होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं. कुणी थर्मामीटर मागितला तरी दचकायचे.

मग रविवार आला आणि तू जेवायला आला नाहीस. वहिनी म्हणाली, त्यांची तुकडी तडकाफडकी बाहेरगावी पाठवली. झालं, माझी खात्रीच पटली. ज्याने केलं त्याला लांब पाठवलं, असा सरळ हिशोब मी मांडला. तू फोन करायचास तेव्हा मी मुद्दाम बाहेर पडायचे. आई म्हणायची, हिचं काहीतरी बिनसलंय. सरांचा जामीन पहिल्या फेरीत नामंजूर झाला. हातात दगड होता असं तिघा शिपायांनी लिहून दिलं होतं, आणि दगड नव्हता असं सांगणारं कुणी नव्हतं. त्यांचं डावं गळ्याचं हाड मोडलंय, हे आमच्याच पेपरात छापून आलं. मी ती बातमी वाचली, दोनदा वाचली, आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो का पडायला हवा होता ते सर सांगतील, थोडं थांब.

नवव्या दिवशी सरांच्या पत्नी ऑफिसात आल्या. मला वाटलं, जाब विचारायला आल्या. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर, आणि मला बघून म्हणाल्या, अगं, तू इथेच असतेस नाही का, बरं झालं. तुमच्या माणसांपैकी कुणाला मोर्चाच्या जागी चष्म्याचं घर सापडलं का? तपकिरी, झाकण ढिलं, आत त्यांचा चष्मा. दुसऱ्या चष्म्याची काच फुटलीय, त्यांना तिथे काही वाचता येत नाही आणि वाचल्याशिवाय त्यांना दिवस जात नाही. बस, एवढंच. न्याय नको, बातमी नको, फोटो नको. चष्म्याचं घर. आणि ते शेवटचं सरांच्या वर उचललेल्या हातात होतं, हे सबंध गावात मला एकटीला माहीत होतं. मी त्यांना पाणी दिलं, सापडलं तर कळवते म्हटलं. त्या गेल्यावर मी कपाट उघडलं आणि डबी घेऊन संपादकांच्या खोलीत गेले. जाताना जिन्यात थांबले होते, ते खोटं सांगत नाही. अकरा पायऱ्या आहेत, सातवीवर मी बसले. आई डोळ्यांसमोर आली. उद्या तिने विचारलं, की लेकाला तूच पकडून दिलंस का, तर काय सांगायचं ते मला सुचेना. न सुचताच उठले.

संपादकांना एवढंच म्हटलं, ही सतरा, सर यात आहेत, हातात दगड नाही. त्यांनी वकीलबाईंना फोन लावला. प्रिंट काढायला मी तयार झाले, पण ती फ्रेम मला पुन्हा बघवेना, तेव्हा बगळ्यानेच मला बाजूला केलं. लाल दिव्यात मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. ट्रेमध्ये कागद हलवल्याचा आवाज येत होता. बगळा म्हणाला, आले सर. मग म्हणाला, हे बघ, चष्म्याचं घर अगदी स्वच्छ. मग म्हणाला, आणि हा बघ, उजवा हात कसा ताणलाय, सगळं वजन टाकून. मी म्हटलं, कुठला हात? तो म्हणाला, उजवा. मी वळले. कागदावर काठी उजव्या हातात होती. मी त्याला म्हटलं, निगेटिव्ह उलटी लावलीस. तो भडकलाच, पंधरा वर्षं झाली म्हणाला, मला शिकवतेस? मी म्हटलं, पुन्हा बघ. त्याने भिंग माझ्याच हातात दिलं. काठावरचा सतराचा आकडा सरळ होता. मागच्या भिंतीवरची दवाखान्याची पाटी सरळ वाचता येत होती. निगेटिव्ह उलटी लागलीच नव्हती, त्या दिवशी ओली फिल्म मीच उलट्या बाजूने पाहिली होती.

डावऱ्या, मी तिथेच स्टुलावर बसले आणि आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. बगळ्याला वाटलं सरांसाठी रडतेय, त्याने पाठीवर थोपटलं आणि फोटो पक्का करायच्या औषधाचे ओले हात माझ्या साडीला पुसले. मला त्या क्षणी त्याचे पाय धरावेसे वाटले. तू नव्हतास! नऊ दिवस छातीवर असलेलं दगडी जातं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं. घरी गेले ती थेट आईसमोर बसले आणि विचारलं, त्या दिवशी ह्याला कुठे उभं केलं होतं? आई म्हणाली, तेच तर सांगत होते, तू ऐकतेस कुठे! बस डेपोच्या मागच्या फाटकावर. आणि फाटक बंदच होतं म्हणे, बसच नव्हत्या त्या दिवशी, सात तास कुलपाला पहारा दिला बिचाऱ्याने. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणू? मी इतकी हसले की आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. सुटले रे, सुटले. त्या दिवशी मी तीन पोळ्या खाल्ल्या आणि जेवल्याजेवल्या झोपले.

पुढचं तुला पेपरातून कळलंच आहे. कोर्टात फोटो लागला, सर सुटले. सरकारी वकिलाने मला उभं केलं आणि विचारलं, फ्रेम खराब आहे असं खोटं का सांगितलंत? मी म्हटलं, भीती वाटली. ते खरंच होतं. कोर्टात बसलेल्या सगळ्यांना वाटलं, पोलिसांची भीती. कसली, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच कोऱ्या चौकटीच्या मापाचा तो फोटो पहिल्या पानावर आला आणि आत माझ्यावर अर्धा कॉलम, की एका बाईने जप्तीतून एक फ्रेम कशी राखली. गंमत अशी की मी ती तुझ्यासाठी चोरली नसती तर ती बाकीच्यांबरोबर खोक्यात गेली असती आणि सर आजही आत असते. ह्याचं काय करायचं मला कळत नाही. लोक रस्त्यात थांबवून हात हातात घेतात. पत्रकार संघ सत्कार करणार म्हणतोय. फोटोतल्या त्या शिपायाला निलंबित केलंय, खांद्यावरचा नंबर वाचता आला. तो तू नाहीस म्हणून मी तीन पोळ्या खाल्ल्या, पण त्यालाही कुठेतरी बहीण असेलच, आणि तिच्या घरी त्या दिवशी कुणी जेवलं नसेल. हेही मनातून जात नाही.

काल मी सरांना सगळं सांगितलं. तो शिपाई तू आहेस असं समजून फ्रेम कशी लपवली, किती दिवस लपवली, सगळं. चष्म्याचं नवं घर नेलं होतं, त्याचं झाकण त्यांनी दोनदा उघडून मिटलं. मग म्हणाले, नऊ दिवस फार लांब असतात गं. मी मान खाली घातली. त्यांनी मला तसंच बसू दिलं, लगेच सोडवलं नाही, आणि ते बरंच केलं. मग म्हणाले, माझं हाड कुठल्या बाजूचं मोडलंय? डाव्या. समोरासमोर उभ्या माणसाचा डावा खांदा कुठल्या हाताने फुटतो? मी मनातल्या मनात हात फिरवून पाहिला. उजव्या, म्हटलं. साधी भूमिती, म्हणाले, पेपरात वाचलंस आणि कळलं नाही, दहापैकी दोन. ते दोन कशाचे, म्हणून मी विचारलं. म्हणाले, उशिरा का होईना, वही आणून दिलीस त्याचे.

आता तुझं ते वाक्य. तू म्हणालास, माझी ताई कुणाच्या बापाला भीत नाही, हे मी इथे सगळ्या तुकडीला सांगितलं. पोलिसाने पेपरवालीचा अभिमान बाळगावा, तोही तुमच्याच माणसाचा फोटो छापून आल्यावर, आणि ती मी अशी निघावी! म्हणून हे पत्र. सत्काराला मी नाही म्हटलंय. त्याऐवजी जे घडलं ते लिहून संपादकांना दिलंय, ते पुढच्या रविवारी छापणार आहेत. त्यात 'घरातलं माणूस' एवढंच लिहिलंय. भाऊ म्हणू की नको ते तू कळव. तिथे तुला त्याच लोकांत राहायचंय, म्हणून तो शब्द तुझा. बाकी मी बदलणार नाही. फोटो दडवला त्याची माफी सरांकडे मागून झाली. तुझ्यावर असला संशय घेतला, एक फोन करून विचारलं नाही, त्याची माफी तुझ्याकडे मागते, हात जोडून मागते. पण एक गोष्ट तुला इतर कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे. जिन्यात सातव्या पायरीवरून मी उठले आणि ती डबी संपादकांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा काठी उगारणारा तूच आहेस अशी माझी पक्की खात्री होती. तरीही ठेवली. त्याची माफी मी मागत नाही. हे वाचून राग आला तर येऊ दे, पण परतलास की त्या रविवारी जेवायला ये. डाव्या टोकाची खुर्ची आईने आजच पुसून ठेवलीय.

तुझीच, आणि आता ओली फिल्म कधीच न वाचणारी,
ताई